शेवटच्या खंडाची मुद्रितं

छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी जादू आणि ड्रॅगनच्या त्या लाडक्या कादंबरीमालेचा शेवटचा खंड प्रकाशनाच्या महिनाभर आधीच वाचला होता. कुठे बोलणार नाही, असं सही करून लिहूनही दिलं होतं. शनिवारी वाचनालयात त्या खंडात मालेतली राणी जगणार की मरणार यावर वाचकांत खडाजंगी उडाली. एरवी तावातावाने भांडणाऱ्या बाई आज मिठाची गुळणी धरून बसल्या.

"बाई गप्प, म्हणजे राणी गेलीच!" निवृत्त मास्तर हसले.

"छे हो, ती कसली मरतेय!" बाई घाईघाईने म्हणाल्या, पण आवाज कापला.

बाईंना शेवट खरोखरच ठाऊक आहे हे ओळखून मास्तरांचं हसू मावळलं. त्यांनी हळूच विषय पुस्तकांतल्या नकाशांकडे वळवला. आपल्यामुळे गुपित फुटेल या धास्तीने खंड बाजारात येईपर्यंत बाईंना घास गोड लागला नाही. मास्तरांनी मात्र कुणापाशी चकार शब्द काढला नाही.