पारा झटकायचा राहिला

रहिमतपूरच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत उभे होतो आणि आई माझ्या बायकोला, ताराला, शेवटच्या सूचना देत होती. ताराच्या कडेवर शकू, नुकतंच अंगावरचं दूध सुटलेली आमची लेक. लढाई संपून मी मिलिटरीतून सुटून आलो होतो. सांगलीत हळदीच्या वखारीवर देखरेखीचं काम मिळालं होतं, आणि आम्ही बिऱ्हाड घेऊन निघालो होतो.

"पोरीला ताप आला तर घोंगडीत गुंडाळून ठेव," आई सांगत होती. "आन् ताप हाय तवर पोटाला दाणा देऊ नगंस. तापाला खायाला घाटलं की त्यो वाडतो."

मी हसलो. खिशातला थर्मामीटर काढून तिच्यापुढं धरला. "आये, हातानं अंग चाचपायचं दिस गेलं. ह्यात ताप दिसतो." मिलिटरीच्या दवाखान्यात ऑर्डरली तो जवानांच्या तोंडात ठेवतो हे मी लांबून पाहिलं होतं, आणि सुटताना हौसेनं एक विकत घेतला होता. आईनं ती काच उन्हात फिरवून पाहिली. तिला काहीच दिसलं नाही. "तुमी शिकल्याली मानसं," एवढंच म्हणाली. मला फार बरं वाटलं. आता ते बरं वाटणं आठवलं तरी लाज वाटते.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं बाहेर पडलेला माणूस सुधारतो. सुधारतो, पण अर्धाच. सांगलीत आमची एकच खोली होती. मी वखारीतून परतायचो तो कानापर्यंत पिवळा होऊन, लग्नघरातून पळून आल्यासारखा. आळीत मला मिलिटरीवाले म्हणायचे आणि मी तशा ऐटीत चालायचो. थर्मामीटर डबीत घालून फळीवर ठेवला होता. ताराला त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

पावसाळ्याच्या अखेरीला शकूचं अंग तापलं. मी काखेत काच लावली. पारा निरोगी अंगाच्या लाल खुणेच्या पुष्कळ वर चढला. काळजी वाटली, पण यंत्र चाललं याचा आनंदही झाला. ताप मोजायची रीत माझी नवी, उपाय मात्र आईचा. दार-खिडकी लावून घेतली, पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि अन्न बंद केलं. उकळलेलं पाणी तेवढं घोटघोट.

मग रोज सकाळ-संध्याकाळ मी काच लावायचो. पारा होता तिथंच. केसभरही हलेना.

"अवं, अंग गार लागतंय," तारा म्हणाली. "घाम बी येऊन गेला. वाईच पेज देऊ का?"

"तुझ्या हाताला काय कळतंय?" मी म्हटलं. "काच खोटं बोलंल व्हय?"

तिनं पाण्याचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं. शकू आधी भाकरी मागायची. मग नुसती चुलीकडं बघायला लागली. मग तेही थांबलं. मान टाकून पडून राहायची, आणि मला वाटायचं, ताप किती जबर आहे.

शेवटी घाबरून तिला पेठेतल्या डॉक्टरांकडं नेलं. दवाखाना माणसांनी भरलेला. मी पुढं होऊन थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "इतके दिवस झाले साहेब, उतरतच नाही." त्यांनी काचेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काच धरलेलं मनगट जोरानं झटकलं, पुन्हा झटकलं, आणि मग ती शकूच्या काखेत ठेवली. जरा वेळानं काढून मला दाखवली. पारा लाल खुणेपाशी होता.

"हिचा ताप कधीच उतरलाय. पारा आपला आपण खाली येत नाही, झटकावा लागतो. हिला भूक लागली आहे."

मागं कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. "आणि ताप असला तरी लेकराला पातळ खायला द्यायचं, पाणी भरपूर द्यायचं. घोंगडी कशाला? अंगाला वारा लागू दे." धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

घरी येऊन तारानं पेज केली. चमच्याचमच्यानं भरवली. शकू वाचली. तारा मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर यात्रेला गावी गेलो. आईनं शकूला उचललं आणि विचारलं, "पोर का गं वाळली?" तारा म्हणाली, "दात येत हुतं." मी ते ऐकलं आणि उगाच सामान आवरायला लागलो.

माझी बहीण माहेरी आली होती आणि तिचं पोर तापलं होतं. कोपऱ्यात घोंगडीत गुंडाळलेलं. ते भाकरी मागत होतं आणि आई म्हणत होती, "ताप उतरू दे, मग देती हां." मला सगळं ठाऊक होतं. तरी मी बोललो नाही, कारण ते बोलायचं तर माझं शहाणपण चव्हाट्यावर आलं असतं. तारा उठली. पेज करून वाटी आईपुढं ठेवली.

"द्या त्याला, आत्याबाई. आमी शकूला अशीच उपाशी ठेवली हुती. जाता जाता ऱ्हायली."

'आमी' म्हणाली. 'ह्यांनी' नाही. मग मात्र मी तोंड उघडलं. पारा, दवाखाना, सगळं सांगितलं. वाटलं, आता आई फाडफाड बोलणार. तिनं वाटी घेतली आणि नातवाला भरवायला लागली. ते अधाशासारखं गिळत होतं. बघता बघता तिचा हात थांबला.

"किस्ना बी असाच मागत हुता रं."

किस्ना माझा धाकटा भाऊ. मी लहान असताना गेला. तापानं गेला, असंच घरात सगळे म्हणत आले होते.

"तापानंच गेला न्हवं त्यो?" आईनं विचारलं. माझ्याकडं बघून विचारलं, कारण घरात शिकलेला मी.

"व्हय आये," मी म्हटलं. "तापानंच."

खरं काय, ते मलाही ठाऊक नाही. पण चुलीकडं बघायची थांबलेली पोर मी पाहिली होती, आणि आईनं माझ्या तोंडावरून जे ओळखायचं ते ओळखलं. तिनं पदर तोंडाला लावला. वाटी तारानं घेतली.

आता शकू सांगलीतच, विश्रामबागेत राहते. तिची पोरं तापली की ती खिडक्या उघडते, ओल्या फडक्यानं अंग पुसते, पेज भरवते, आणि मुलांशी हसत बोलते. मी शेजारी बसून बघतो. माझ्यासारखे बाहेर पडलेले मित्र भेटले की विचारतात, आई होती तोवर तरी गावी जाऊन राहायचं होतंस, का नाही गेलास? मी नोकरीचं कारण सांगतो. नोकरी सोडता आली असती. पण घर म्हणजे मला आई, आणि आईनं किस्नाचा तो प्रश्न पुन्हा विचारला असता, तर तेच उत्तर तिच्या डोळ्यांत बघून मला दुसऱ्यांदा देता आलं नसतं.