म्हस्कूनं बघून घेतलेली गाडी

कळसच्या माळावर म्हस्कूची वस्ती होती. पत्र्याचं घर, पुढं बाभळीच्या काट्याचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा, आन खाली कालव्याच्या फाट्याच्या पाण्यावर केलेलं थोडंसं मका-कडवळ. बाप जन्मभर मेंढरांमागं फिरला. दिवाळी झाली की मेंढरं-माणसांचा सगळा वाडा हलायचा तो घाट उतरून पार कोकणात जायचा. म्हस्कू तरणा होता तवर तोही फिरला. मग चराईची रानं उसाखाली गेली, वाटा बांधांनी बंद झाल्या, आन सारजाच्या खुब्यात दुखणं शिरलं. सारजा म्हंजे त्याची बायको. तिला चालवंना, तवा त्यानं फिरणं सोडलं. थोडी मेंढरं ठेवली आन एका जागी बसला.

माणूस बुटका. छाती रुंद, पाय आखूड. बोलणं कमी, पण मेंढरातली नजर पक्की. आसपासच्या वस्त्यांवर कुणाला पैदाशीचा नर घ्यायचा झाला की म्हस्कूला संगं न्यायचे. तो नराच्या छातीवर हात मारायचा, पुठ्ठा दाबायचा, शिंगाला धरून मान हलवून बघायचा आन म्हणायचा, "घ्या. वजनदार हाय." नाय तर नुसता पुढं चालायला लागायचा.

घोडीचं मात्र त्याला काय कळत नव्हतं, आन कळायची गरजही नव्हती. फिरत्या वाड्याचा सगळा संसार घोडीवर असतो. भांडी, घोंगडी, कोंबड्या, रातीत जन्मलेली कोकरं, कधी तान्हं पोर. गडी मेंढरं घेऊन रानातनं जातो, बाई घोडी घेऊन वाटंनं म्होरं जाते. मुक्कामाला उतरवणार बाई, पहाटं लादणार बाई. म्हणून म्हस्कूच्या भावकीत रीतच होती, मेंढरं गड्यानं बघायची, घोडी बाईनं. सारजाची आई गोजरबाई, म्हस्कू तिला मामी म्हणायचा, ती तर घोडीच्या पारखीला नावाजलेली. ती दात नंतर बघायची. आधी घोडीला खेटून उभी राहायची, पाठ आपल्या छातीच्या खाली येते का बघायची. मग ओझं लादायला लावायची आन लादताना घोडी हलते का, तेवढंच बघत बसायची. "पळती किती ते राहू दे, उभी किती ऱ्हाती ते सांग," असं इकणाऱ्याला म्हणायची. सारजा तिची एकुलती लेक, तिच्याच हाताखाली शिकलेली.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गोजरबाईनं डाळजला अंथरूण धरलं. नवरा कधीचाच गेलेला. पुतण्याची बायको द्वारकाबाई तिचं हगणं-मुतणं काढायची. म्हातारीचा निरोपावर निरोप यायचा, लेकीला एकदा दावा. पण कळसवरनं डाळजला जायचं म्हंजे सडकंपतोर चालायचं, दोन एस्ट्या बदलायच्या, उतरून पुन्हा चालायचं. सारजाच्या खुब्याला ते झेपंना. एकदा निघाली ती बांधावर बसूनच माघारी आली.

म्हस्कूनं मनावर घेतलं. मोटारसायकल घ्यायची, सारजाला मागं बसवायची, सकाळी जायचं आन मेंढरं वाड्यात यायच्या वक्ताला परत. सायकल सोडली तर चाकाचं त्यानं काय चालवलं नव्हतं. पण ठरवलं म्हंजे ठरवलं. थोडी मेंढरं इकली, आन दसऱ्यानंतरच्या एका गुरवारी बारामतीच्या बाजाराला रावजीला संगं घेऊन गेला. रावजी शेजारचा ऊसवाला, कारखान्याचा सभासद, चार वर्सं फटफटीवर हिंडणारा. वस्तीवर गाडीतलं कळणारा तोच एक.

जुन्या गाड्या इकणारा झुंबर नावाचा माणूस होता. त्याच्या दारात बऱ्याच गाड्या लावलेल्या. झुंबरनं म्हस्कूला खालीवर बघितलं आन एक एम-एटी पुढं काढली. बसकी, हलकी, दोन्ही पाय भुईला टेकणारी. नवशिक्याला हीच बरी, म्हणाला. म्हस्कूनं तिच्या टाकीवर हात फिरवला, सीट दाबून बघितली आन तोंड वाकडं केलं.

"ही पाठ हाय वो, कवळी शेळी," म्हणाला. "हिच्यात वजन कुठंय?"

रावजी हसला. मग म्हस्कूची नजर कडंच्या काळ्या राजदूतवर गेली. थोराड, उंच, पोटाला भरलेली. त्यानं तिच्या टाकीवर थाप मारली, मागनं वाकून बघितलं, हँडल धरून इकडं तिकडं केलं. झुंबरनं किक मारली तसा सगळा बाजार वळून बघायला लागला. म्हस्कूचा चेहरा उजळला.

झुंबर धंदेवाला होता, पण त्यानं एक सवाल केला. मागं कोण बसणार? मालकीण, म्हस्कू म्हणाला. मग झुंबर म्हणाला, "पाव्हणं, त्यांना एकदा घेऊन या. बसवून बघा. गाडी काय पळून जात न्हाय."

म्हस्कू थांबला. खरंच थांबला. रावजी नंतर सांगायचा, त्या टायमाला गडी घरी जायच्या बेतात होता. तेवढ्यात रावजीच बोलला, "म्हस्कू, लेका, इंजनाची गाडी हाय, घोडी न्हवं. बायकूला इचारून घेतूस व्हय?"

आजूबाजूची माणसं हसली. म्हस्कूनं राजदूत घेतली.

रावजीनं चालवत वस्तीवर आणली. सारजा लंगडत बाहेर आली, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मग गाडीला खेटून उभी राहिली. सीट तिच्या कमरंच्या वर येत होती. तिनं सीटवर हात ठेवून जरा ढकललं. गाडी स्टँडवर डुलली.

"मी चढताना उभी ऱ्हाती का ही?" तिनं विचारलं.

"मी हाय की धरायला," म्हस्कू म्हणाला.

तिनं त्याच्या पायांकडं बघितलं आन आत गेली.

म्हस्कू शिकला, ते सगळ्या माळानं बघितलं. गिअर टाकताना तोंडानं "हर्र, हर्र" करायचा आन ब्रेक दाबायच्या आधी "हो हो हो" म्हणायचा. मेंढरं बुजून काट्यात घुसायची. दोनदा कडवळात गेला, एकदा वैरणीच्या गंजीला जाऊन टेकला. पण चिवट होता. महिन्याभरात एकटा अंथुर्ण्यापतोर जाऊन यायला लागला. चालती असली की गाडी झकास. थांबवली की मात्र त्याचा निस्ता चवडा टेकायचा, तोही डावा, आन तो वाकडा होऊन उभा राहायचा. आमी हसायचो. त्यालाही हसू यायचं.

मग डाळजचा दिवस उजाडला. सारजा नवं लुगडं नेसली, आईला म्हणून मऊ भाकरी आन गुळाचा सांजा बांधून घेतला. पायरीवर उभं करून रावजीच्या बायकोनं तिला गाडीवर चढवली. नऊवारी नेसलेली बाई, एका अंगाला बसली, दोन्ही पाय डाव्या बाजूला. म्हस्कूनं गाडी सोडली. फाट्याच्या भरावापतोर सगळं ठीक गेलं. भरावावर समोरनं उसाच्या बैलगाड्या आल्या. वाट द्यायला म्हस्कू कडंला घेऊन थांबला. तितं रस्ता डावीकडं उतरता. त्यानं डावा पाय टाकला आन पायाला भुई लागलीच न्हाय.

गाडी सावकाश कलंडली. बैलगाडीवाले म्हणत होते, एवढं सावकाश की बाईनं उडी मारायला पाहिजे होती. पण खुबा धरलेली बाई उडी कशी मारणार? सारजा खाली, तिच्यावर गाडी. मोडलं ते दुखऱ्या खुब्यातच मोडलं. गाडीचा त्यात काय दोष नव्हता. उंच माणसाच्या हातात तीच गाडी अजून वीस वर्सं चालली असती.

सारजाला बैलगाडीतनं सडकंला नेली आन तितनं बारामतीला. डॉक्टरनं पायाला वजन टांगून महिनाभर निजवली. घरी आली ती बाजेवर. चुलीपतोर सरपटत जायची, तेवढंच.

म्हस्कू डाळजला जायचा. एकटाच, त्याच गाडीवर. आठवड्याला एकदा भाकरी न्यायचा, म्हातारीपाशी बसायचा, परत यायचा. सारजा विचारायची, आई काय म्हणाली? तो म्हणायचा, बरी हाय, तुला जपायला सांगितलंय. सारजा म्हणायची, मी पडले ते कळून तिच्या जिवाला लागलं आसंल. तो हूं म्हणायचा आन मेंढरांकडं जायचा.

थंडी सरता सरता गोजरबाई गेली. सांगावा आला तसा मातीला म्हस्कू एकटाच पोचला. सारजाला न्यायला तेवढ्यात वाहनच मिळालं न्हाय. दहाव्याला मात्र रावजीनं जीप आणली. त्याच्याही मनाला काय तरी खात असंल, पण तो बोलायचा न्हाय. चौघांनी सारजाला घोंगड्यावर घालून जीपमध्ये ठेवली आन डाळजला तशीच उतरवली.

बायका जमलेल्या. सारजा लुगड्याचा पदर तोंडात कोंबून रडत होती. कुणी जवळ येईना. शेवटी द्वारकाबाई आतनं आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "आता कशाला रडतीस, वन्सं? म्हातारी जाईपतोर दाराकडं बघत हुती. म्हणायची, मेंढरं व्याली का न्हाईत अजून? कोकरं काय लेकीला सुटत न्हाईत."

सारजानं पदर काढला. "कसली कोकरं?"

"म्हस्कूरावच सांगायचं की. मेंढरं व्यायला झाल्यात, सारजीला हलता येत न्हाय. धा खेपंला तेच." मग द्वारकाबाईची नजर सारजाच्या पायाकडं गेली, घोंगड्याकडं गेली, आन ती खालीच बसली. "बया. तुला झालंय तरी काय?"

सारजानं सांगितलं न्हाय. म्हणाली, पाय घसरला.

परतताना जीपमध्ये रावजी पुढं बसला होता. मागं सारजा आडवी, तिच्या पायापाशी म्हस्कू. डांबरी सुटून माती लागली तवा ती बोलली.

"पडली म्हणून सांगितलं आसतं तर काय बिघडत हुतं?"

जीप आदळली तसा म्हस्कूनं तिचा पाय दोन्ही हातांनी धरला.

"मामीनं इचारलं आसतं," म्हणाला, "गाडी बघितली कुणी."

पुढं बसलेल्या रावजीनं मान वळवली न्हाय. सारजानं डोळं मिटलं. "आई म्हणत गेली आसंल, लेकीनं कोकरं जवळ केली," एवढं बोलली.

वस्तीवर अंधार पडायला आला होता. वाड्यात मेंढरं तहानेली वरडत होती. म्हस्कूनं आधी सारजाला उचलून बाजेवर ठेवली, मग बादली घेऊन फाट्याकडं चालत गेला.