हळदीत आईचा नंबर

टोकावड्याजवळ माझ्या भाच्याची हळद होती. तो कॉलेजात असतानाच त्याचे वडील गेले. त्यामुळे त्याला हळद कोणी लावायची, हा प्रश्न सकाळी मांडवात निघाला.

"रांडमुंड बाईचा हात पोराला लावायचा नाय," आमची चुलती म्हणाली. बाई म्हणजे माझी ताई, नवऱ्या मुलाची आई. ती समोरच बसली होती.

आमचा थोरला भाऊ रोज पोथी वाचतो, सोमवार धरतो. कोणाला साप चावला तर भगताकडे नको, आधी दवाखान्यात न्या, हे गावात सांगणाराही तोच. तो म्हणाला, "काकी, टाइम बदलला. आधी सवाष्णी लावतील, मग बाकीचे, मग शेवटी ही लावंल. देव काय रागवायचा नाय."

चुलतीने ते मान्य केलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. "तू बोल ना रे. तू तर काय मानत नाय."

मी नास्तिक आहे आणि वर्तमानपत्रात तसं लिहितो. दादासारख्या समंजस श्रद्धाळूंना आपण डिवचू नये, कर्मठांना तेच आवरतात, हे मत मी अनेकदा छापलं आहे. तेच मी मांडवात बोललो. "दादाचं बरोबर आहे. एकदम ताणायला नको. पुढच्या लग्नात तू पहिली लाव."

"मला एकच पोर हाय," ताई म्हणाली. मग म्हणाली, "दादा देवाला भितो, तरी काकीला बोलला. तू कोनाला भितोस?"

मी चुलतीला भीत होतो. भरल्या मांडवात तमाशा नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

संध्याकाळी हळद लागली. ताई मागच्या अंगणात भाताच्या टोपाशी होती. दादा दोनदा बोलवायला गेला, ती आली नाही. मी गेलोच नाही. मग मामाला हाक आली. मी वाटीत बोटं बुडवून भाच्याच्या दोन्ही गालांना हळद लावली.

"मामा, आई येतेय ना?" त्याने हळूच विचारलं.

"येईल."

माझी बायको वारली त्याला दोन वर्षं झाली. माझ्या हाताला मांडवात कोणी हरकत घेतली नाही. हे तरी चुलतीला मोठ्याने विचारता आलं असतं. मी हात पुसले आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.