सैल झालेली साखळी

खालच्या मजल्यावर राहणारा माझा थोरला भाऊ सकाळी गाडी सुरू करतो, तेव्हा बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येतो. मग ऑइल वर चढतं आणि आवाज थांबतो. वर गॅलरीत चहा पीत मी तो ऐकतो. माझी हयात गॅरेजात गेली आहे. व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन सैल झाली आहे, हे मला कळतं. ती एकाएकी दगा देत नाही. कडी कडी झिजते, साखळी लांबते, व्हॉल्व्ह उशिरा उघडू लागतात. मग एक दिवस ती चाकाच्या दातावरून सुटते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन जागेवर संपतं.

माणसांतही उशीर असाच साठत असावा. आई गेल्याचं दादाने मला कळवलं ते अग्नी दिल्यावर. "तू लांब होतास, उगाच धावपळ झाली असती," म्हणाला.

काल त्याने खालून हाक मारली. "उद्या तुझ्या वहिनीला घेऊन घाट उतरायचाय. हा आवाज कसला रे?"

"थंडीचा आहे, दादा."

म्हणताना बरं वाटलं, हे खरं. आज गाडी खडखडली, थांबली, फाटकाबाहेर गेली. खिडकीतून वहिनीने हात हलवला. चहा केव्हाच गार झालाय आणि मी अजून कान देऊन बसलोय.