वखारीच्या बाजूने

बेळगावच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवादासाठी आम्हा दोघांची निवड झाली, तेव्हा पुणे स्टेशनवर पोचवायला निम्मे वसतिगृह लोटले होते. विजेत्यांची ढाल आणल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा सगळ्यांनी प्रेमळ दम भरला. मी हसलो, माझा जोडीदार शंकर हसला नाही. मिरज मागे पडल्यावर त्याने कारण सांगितले. निपाणीला त्याच्या वडिलांची तंबाखूची वखार होती. बी. ए. झाल्यावर त्याला वकिली शिकायची होती आणि आप्पा म्हणत होते, शिकलास तेवढे पुरे, आता वखारीत बस. आप्पा भाषण ऐकायला बेळगावला येणार होते. ऐकून काय ते ठरवू, असे त्यांनी कळवले होते.

“मग उत्तमच की!” मी म्हणालो. “असा बोल, की आप्पांनी स्वतःच काळा डगला शिवायला टाकावा.”

सकाळी बेळगाव आले. तांबडी माती, जिकडेतिकडे झाडी, आणि हवेत असा गारवा की पुण्याच्या हवेचा अभिमान मी स्टेशनातच सोडला. आम्हाला उतरवून गाडी लोंढ्याकडे निघून गेली. खासबाग भागात शंकरच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे घर होते. शेजारी हातमाग चालले होते. त्यांच्या खटखटीवर ताल धरून मी भाषण घोकू लागलो, तर आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आदी खावा, मग वरडा!” ताटात कुंदा (दूध आटवून केलेली दाणेदार मिठाई) होता. दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा आक्कांनी विचारलेच नाही, सरळ वाढला. शेजारीण डोकावून कानडीत म्हणाली, “ऊट आतेन्री?” (जेवण झालं का?) माझे ताट पाहून तिला उत्तर मिळालेच.

विषय होता, ‘सुशिक्षित तरुणाने वडिलांचाच धंदा पुढे चालवावा.’ आम्ही दोन्ही बाजूंची तयारी करून आलो होतो, कारण बाजू ठरायची ती सभागृहात, भाषणांच्या आधी, चिठ्ठी उचलून. चिठ्ठी मी उचलली. माझा हात झडला असता तर बरे झाले असते! आमच्या वाट्याला आली अनुकूल बाजू. म्हणजे तरुणाने मुकाट्याने वखारीत बसावे, असे शंकरने पटवून द्यायचे, तेही आप्पांच्या देखत.

आप्पा आले ते भाषणे सुरू झाल्यावर. फेटा बांधलेले भरदार गृहस्थ, मागच्या बाकावर काठी टेकून बसले. चिठ्ठीची रीत त्यांना कोण सांगणार? व्यासपीठावरून उठायची सोय नव्हती.

“मुद्दाम वाईट बोलू का रं?” शंकर कुजबुजला.

“आणि ढाल?” मी म्हणालो.

पहिली दोन मिनिटे त्याने शब्द चावले. मी कपाळाला हात लावला. एवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडले, “तंबाखूवाल्याला कसली आलीय अक्कल!” झाले. शंकरचे पित्त खवळले. चिमटीत पान धरून ते कोणत्या रानातले हे सांगणारा बाप, तोंडच्या शब्दावर माल टाकून जाणारे शेतकरी, वखारीतला तो उग्र वास, सगळे त्याने असे उभे केले की पोरे बाके बडवू लागली. ढाल आम्हाला मिळाली. मी आनंदाने उडी मारली आणि मग शंकरचा चेहरा पाहिला.

“आप्पा, ती बाजू...” तो सांगू लागला.

“ग्वाड बोललास,” आप्पांनी मध्येच तोडले. “उद्या निपाणीला चला दोघंबी. काय ते तितंच बोलू.”

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीत ढाल माझ्या मांडीवर होती, आक्कांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. “देवीचा मुखवटा काय वो?” एका म्हाताऱ्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता नमस्कार केला. तवंदीच्या घाटात इंजिन तापले, तेव्हा सगळे उतरून चढ चालत चढलो. आप्पा सर्वांच्या पुढे होते. शंकर फाशीच्या कैद्यासारखा मागून येत होता.

निपाणीच्या बाजारात पाऊल टाकताच मला शिंकांवर शिंका. आप्पांनी एका ढिगातले पान उचलले, हुंगले आणि तोंड वाकडे केले. “ह्यात काय दम न्हाय. वास बी मेलाय.” मग दलालाने रुमाल टाकला आणि त्याखाली आप्पांच्या आणि त्याच्या बोटांची बोलणी झाली. सौदा असाच करतात, भाव तिसऱ्याला दिसत नाही. रुमाल निघाला तेव्हा सगळा ढीग आप्पांचा झाला होता.

“खराब माल का घेतलात?” मी विचारले.

“खराब? औंदा ह्याच्यापरीस बरा माल बघितला न्हाय!” आप्पा पोट धरून हसले. “ज्येला घ्यायचं असतंय, त्यो नावं ठेवतोय पावणं. तारीफ करायची ती इकणाऱ्यानं.” मग शंकरकडे वळून म्हणाले, “काल माज्या वखारीची लई तारीफ केलीस रं. तवाच वळाकलं, तुला ती घ्यायची न्हाय.”



“जा, शीक वकिली,” आप्पा म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे गेले.

संध्याकाळी कोल्हापूरच्या मोटारीवर आप्पांनी आमच्या ट्रंका स्वतः चढवल्या. मोटार सुटली आणि मी शंकरच्या पाठीत धपाटा घातला. दोन लढाया जिंकल्या होत्या! पण तो खिडकीतून मागे पाहत होता.

“आप्पा एकटे पडतील रं,” तो म्हणाला.

कोणतीही बाजू द्या, बोलून दाखवतो, अशी माझी कॉलेजात घमेंड होती. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या मनात एकदम खऱ्या असतात, हे मला त्या मोटारीत पहिल्यांदा समजले.  मी ढाल बाकाखाली सरकवली आणि शंकरच्या खांद्यावर हात टाकून बसलो.