गाडी तुझी आहे का?

आमचा बँड पुरतं दीड वर्षही टिकला नाही. गाणी झाली तीन, त्यातलं चाललं एक. किस्से मात्र इतके साठलेत की कुठल्याही लग्नात कॉलेजचं कुणी भेटलं की पंगत उठेपर्यंत मलाच बोलत बसावं लागतं. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "ते गाणं सुचलं कसं गं?" सुचलं म्हणे! नगरच्या कॉलेजात कुणाला काही सुचत नाही. अपमान होतो, आणि ज्याला यमक जुळवता येतं तो त्याचं गाणं करतो.

मी बास गिटारवर होते. म्हणजे गाण्यात जे कुणालाच ऐकू येत नाही ते मी वाजवायचे. त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळायचा.

* * *

आमच्या कॉलेजात पोरं दोनच प्रकारची, पार्किंगवाली आणि एसटीवाली. पार्किंगवाले सकाळी गाडीवरून यायचे आणि दुपारपर्यंत त्याच गाडीवर बसून राहायचे. वर्ग कुठल्या मजल्यावर आहे हे त्यांना परीक्षेच्या दिवशी कळायचं. एसटीवाले पाण्याच्या टाकीपाशी डबे घेऊन उभे. पार्किंगचा एक नियम होता. गाडीवर बसायचं तर ती आपली पाहिजे, नाहीतर मालकानं 'बस' म्हटलेलं पाहिजे. उभ्यानं कितीही बोला, त्याला कुणी गप्पा मानायचं नाही.

गणेश कोल्हारचा, एफवाय बीएस्सी, रोज एसटीनं यायचा. आम्ही त्याला गण्या म्हणायचो. एकदा प्रॅक्टिकलचं जर्नल मागायला तो माझ्याकडे पार्किंगमध्ये आला आणि बोलता बोलता शेजारच्या रिकाम्या स्कूटीवर टेकला. तेवढ्यात रिया आली. रिया म्हणजे पार्किंगची महाराणी. तिनं रागावून नाही, अगदी गोड आवाजात विचारलं, "गाडी तुझी आहे का?"

"न्हाई," म्हणून गण्या उठला. सगळं पार्किंग हसलं. मीही हसले, हे आधीच सांगून टाकते.

त्यानं परतीच्या एसटीत गाणं लिहिलं. गाण्यातला पोरगा त्याला उठवणाऱ्या पोरीच्याच प्रेमात पडतो आणि शेवटपर्यंत ओरडत राहतो, "गाडी तुझी आहे का?" ह्याला बंडखोरी म्हणतात असं मला नंतर कळलं. मला तरी त्यात एकच गोष्ट दिसत होती. गण्याला पार्किंगमध्ये बसायचं होतं.

* * *

गाणार गण्या, गिटारवर आदित्य. तो अस्सल पार्किंगवाला, वडील डॉक्टर. बँडमध्ये तो होता, कारण गिटार त्याची होती. ड्रमवर सोहेल. त्याच्या घरची लग्नाची बँडपार्टी, आणि चौघांत ज्याला खरंच वाजवता यायचं असा तो एकटाच.

आदित्यनं जाहीर केलं, "हे पॉप-पंक आहे." सोहेलनं विचारलं, म्हणजे काय? आदित्य म्हणाला, "तीन कॉर्ड, फास्ट ड्रम, आणि ओरडायचं." सोहेल म्हणाला, "मग आम्ही वरातीत इतकी वर्षं हेच करतोय की."

* * *

रेकॉर्डिंगला नगरमध्ये एक काका होते. त्यांच्याकडे भजनं, निवडणुकीच्या घोषणा आणि रसवंतीच्या जाहिराती व्हायच्या. माणूस कामाला चोख. आदित्यनं गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केला होता, पंकमध्ये तसाच लागतो म्हणून. काका दिवसभर अस्वस्थ. दर टेकनंतर वायर हलवून बघायचे.

चार दिवसांनी त्यांनी गाणं पाठवलं. गिटार सतारीसारखी स्वच्छ, गण्याचा आवाज धुऊन पुसून गोड केलेला, आणि मागे हलकीशी बासरी. आम्ही धावत गेलो. काका खुशीत होते. "फार घाण होती रे पोरांनो. दोन दिवस लागले काढायला. बासरीचे पैसे घेत नाही मी."

ती घाण परत घालायला आणखी दोन दिवस लागले. काका पूर्ण वेळ आमच्याकडे पाठ करून बसले होते.

* * *

त्या गाण्याचा शेवट आठवतो? तिसऱ्या कडव्याच्या मध्येच, शब्द अर्धा असताना गाणं तुटतं. त्याबद्दल पुण्याच्या एका गृहस्थांनी त्यांच्या पॉडकास्टवर वीस मिनिटं सांगितलं. हा तुटलेला शेवट म्हणजे निमशहरी तारुण्याची अपुरी राहिलेली अभिव्यक्ती आहे वगैरे.

खरी गोष्ट अशी, की सव्वापाचची बस होती. शेवटचा टेक चालू असताना गण्यानं घड्याळ बघितलं, हेडफोन खुर्चीवर टाकला आणि तारकपूर स्टँडकडे पळाला. ती चुकली की पुढची गाडी भरून येते, उभं राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी काकांकडे भजनी मंडळ होतं, पुढे सगळे त्या घाणीच्या मागे लागले, म्हणून ते कडवं तसंच राहिलं.

पॉडकास्ट ऐकल्यावर मला वाटलं गण्या पोट धरून हसेल. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तसं बघायला गेलं तर ते एक स्टेटमेंटच आहे." त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं 'हाय'च्या जागी 'आहे' म्हटलं.

* * *

हे सगळं व्हायच्या आधी आम्ही एकदा तालमीला कोल्हारला गेलो होतो. देवळामागच्या आळीत गण्याचं घर, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. वडील टेम्पो चालवायचे, आई अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, दुपारी घरी यायची. तिनं आम्हाला शेवग्याची आमटी वाढली आणि चुलीपाशी बसून सगळं गाणं ऐकलं.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "म्हंजी त्या पोरीनं तुला उठिवलं व्हय गणू?"

गण्या म्हणाला, "आई, गानं हाय ते."

"गानंच हाय. पर तू नुस्ताच उठलास कशाला? खाली उतरून उबं ऱ्हायाचं आन् म्हनायचं, न्हाई माजी, तुमची हाय, बसा."

एवढी नेमकी समीक्षा त्या गाण्याची पुन्हा कुणी केली नाही. आम्ही निघताना तिनं माझा हात धरला. "पोरी, ह्याला येकदा स्टेजवर बघायचंय मला. हा नुस्ता फुडच्या टायमाला म्हनतो." मी म्हटलं, "मावशी, मी आणते तुम्हाला." म्हणायला काय जातं आपलं!

* * *

गाणं आदित्यनं नेटवर टाकलं आणि पंधरा दिवसांत ते सगळीकडे झालं. सुप्याच्या कंपन्यांच्या बसमध्ये लागायचं, हळदीत लागायचं, बाळाच्या बारशाच्या रीलवर लागायचं. आणि सगळ्यात जास्त कुठे लागलं असेल? पार्किंगमध्ये. ज्यांची टर उडवली तेच गाडीच्या सीटवर उभे राहून नाचत होते. प्रत्येकाला वाटायचं, गाणं शेजारच्या ग्रुपवर आहे.

गाण्यातली मुलगी आपणच, असं तिघी जणी सांगत फिरत होत्या. एकीनं तर मला विश्वासात घेऊन गण्याच्या अव्यक्त प्रेमाची सगळी हकीकत ऐकवली. तिनं गण्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. रियाला मात्र तो प्रसंग आठवतच नव्हता. ती म्हणाली, "कुणी असं कसं बोलू शकतं ना? सो मीन."

* * *

मग रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आला. आमच्या सांस्कृतिक विभागाच्या सरांना वाटलं, गाण्यात गाडी आहे, म्हणजे विषय जुळला. सरांनी गण्याला बोलावून सांगितलं, "उत्तम गाणं आहे. फक्त 'गाडी तुझी आहे का'च्या पुढे 'लायसन सोबत आहे का' एवढं घाल. समाजाला काहीतरी मिळालं पाहिजे."

मला वाटलं होतं गण्या नकार देईल. त्यानं 'लायसन'बरोबर 'हेल्मेट'ही घातलं. आम्ही हेल्मेट घालून गायलो. पार्किंगच्या निम्म्या पोरांकडे लायसन नव्हतं, पण टाळ्या सगळ्यात जोरात त्यांच्याच होत्या. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आजची तरुणाई विद्रोही नाही, जबाबदार आहे. सोहेल माझ्या कानाशी म्हणाला, "वरात बरी. तिथे निदान कुणी भाषण करत नाही."

* * *

शेवटी गण्या पार्किंगमध्ये बसला. आदित्यच्या मित्रानं जुनी बाइक वापरायला दिली होती. गण्या ती कॉलेजजवळच्या एका दुकानामागे ठेवायचा, सकाळी एसटीनं येऊन तिथून बाइक घ्यायचा आणि दोनशे पावलं चालवत गेटातून आत यायचा. संध्याकाळी उलट. दोनशे पावलांसाठी हेल्मेट घालायचा, आत आलं की ते काढून केस नीट करायचा.

पाण्याच्या टाकीपाशी तो जाईनासा झाला. तिथल्या पोरांनी हाक मारली तर लांबून हात करायचा, पुढारी करतात तसा. स्टेजवर मात्र दर वेळी छातीवर हात मारून सांगायचा, "आपण एसटीवाले आहोत, आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे!"

एकदा रियानं सगळ्यांसमोर घरचं विचारलं. गण्या म्हणाला, "बाबांचं ट्रान्सपोर्ट आहे. आई टीचर." मग माझ्याकडे बघितलं. मी माझ्या स्कूटीचा आरसा पुसत होते. मी त्याची खिल्ली खूप उडवली आहे, आजही उडवते, पण त्या दिवशी आरसा तसा स्वच्छच होता, हे मला ठाऊक आहे. मावशीला कार्यक्रमाला आणायचं मी कधीच विसरून गेले होते. विसरले म्हणजे, गण्या 'नको' म्हणाला आणि मला बरंच वाटलं.

* * *

आणि आता गॅदरिंग.

दुपारचा कार्यक्रम होता. गाणं सुरू होण्याआधीच पोरं खुर्च्यांवर उभी. दोन हजार गळे एकदम "गाडी तुझी आहे का" म्हणायला लागले की माझ्यासारखीच्याही अंगावर काटा येतो, ते नाकारत नाही. गण्या त्या दिवशी सुंदर गायला.

कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लागली. गण्या बाइकवर बसलेला, मागच्या सीटवर रिया, बाजूला आदित्य. आम्हा बाकीच्यांकडे लोक मोबाईल द्यायचे, फोटो काढा म्हणून.

रांगेत पाच-सहा पोरींच्या मागे एक बाई उभी होती. नवी साडी, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. हातात पिशवी. मी ओळखलं. अंगणवाडीतून अर्धी सुट्टी काढून ती एकटीच आली असणार, त्याला न सांगता. तिनं मला पाहिलं आणि हसली. मग तिनं बाइककडे बघितलं. गण्यानंही तिला बघितलं होतं. तो लगेच खाली वाकून किल्लीशी काहीतरी करायला लागला.

तिचा नंबर आला तेव्हा रिया कौतुकानं म्हणाली, "अय्या, काकूपण फॅन आहेत! या ना, घाबरू नका. कुठून आलात?"

ती गण्याकडे बघत राहिली. गण्यानं मान वर केली नाही.

"कोल्हारवरनं," ती म्हणाली. "आमच्या अंगनवाडीतल्या पोरांना लई आवडतं ह्यांचं गानं."

"गणेश, तुझ्याच गावच्या आहेत!" रिया म्हणाली.

आता काहीतरी बोलणं भाग होतं. गण्या म्हणाला, "हो का? कोल्हारमध्ये कुठे राहता?"

"देवळामागच्या आळीला, दादा."

मग तिनं पिशवीतून मोबाईल काढला, पदराला पुसला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, "ताई, तेवढा येक फोटू काडा." आणि बाइकला धक्का लागणार नाही अशी हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

मी फोटो काढला. पहिल्यात त्याचे डोळे मिटलेले आले, म्हणून आणखी एक काढला.