डिफरन्शियलचं तेल

माझी मावशी पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागे गॅरेजमध्ये काकांची गाडी. गाडी त्यांच्या लग्नाआधीची, जड दरवाजांची, निळा रंग जागोजागी विटलेला. काका छापखान्यात कामाला होते, पण जीव सगळा त्या गाडीत. तिच्याखाली दुसऱ्या कोणाला जाऊ देत नसत. मावशी म्हणायची, सवत आहे खरी, पण पेट्रोलच पिते, माझं रक्त नाही पीत.

एका सकाळी दाढी करता करता काका आरशासमोरच कोसळले. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. सुरुवातीला नाकातल्या नळीतून, मोठ्या सिरिंजने मावशी त्यांना भरवायची. पुढे नळी निघाली, पण शब्द काही परत आला नाही. समजायचं सगळं. ओठ हलायचे, घशातून नुसताच आवाज निघायचा, मग ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मावशीला सगळ्यात जड जायचं ते हे भिंतीकडे बघणं.

व्यायामासाठी त्यांना दवाखान्यात न्यावं लागे, म्हणून मावशी ती गाडी चालवू लागली. एकदा वाटेत काका डाव्या हाताने सारखे मागे दाखवू लागले. तिला वाटलं, टोपी हवी. टोपी दिली, ती त्यांनी फेकली. स्वेटर दिला, तोही फेकला. शेवटी ती हिरमुसून गप्प बसली, आणि मग तिलाही ऐकू आलं. मागच्या चाकांच्या मधून बारीक घूं घूं येत होती. तिथे डिफरन्शियल असतं, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचं लोखंडी पोट. त्यातलं जाड तेल काका आजारी पडल्यापासून बदललं नव्हतं.

तिने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने गाडी उचलून पुढे-मागे स्टँड लावले. पण तो गाडीखाली शिरायला वाकला मात्र, काकांनी खुर्चीतून असा आकांत मांडला की तो बिचारा हात पुसत उभाच राहिला.

"काकू, तुम्हीच करा," तो म्हणाला. चेष्टेने नाही. दोन बोल्ट कुठे आहेत ते दाखवून, पाने आणि तेल ठेवून तो गेला.

मावशी पडद्याचं जुनं कापड अंथरून गाडीखाली सरकली. तेल खालच्या बोल्टातून निघणार हे उघड होतं. तिने त्याला पाना लावला, तर काकांनी काठी जमिनीवर आपटली. ती थांबली. पुन्हा लावला, पुन्हा काठी.

"अहो, आता काय झालं?" ती खालूनच वैतागून म्हणाली.

 मग घशातली घरघर, आणि मग:

"व... वरचा."

तिला वाटलं, कोणी बाहेरचं आलंय. डोकं बाहेर काढून पाहिलं, तर काका घामाघूम झालेले, ओठ थरथरत होते.

"वरचा," ते पुन्हा म्हणाले.

तेल वरच्या बोल्टाच्या भोकातून भरायचं असतं. आधी खालचं सगळं सांडून टाकलं आणि मग वरचा उघडलाच नाही, तर गाडी कोरडी तिथेच बसायची. आणि वरचा खरंच गच्च बसला होता. मावशीने पान्याच्या दांड्यात पाइप घालून, पाय टेकून जोर लावला, तेव्हा कुठे तो सुटला.

काळं, कुबट वासाचं तेल तसराळ्यात उतरलं. बोल्टाच्या टोकावरच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटला होता. तिने तो कापडावर पुसून काकांच्या हातात दिला. त्यांनी बोटांत चोळून पाहिला आणि कापड बराच वेळ सोडलं नाही.

खालचा बोल्ट तिने परत घट्ट बसवला, पण नवं तेल भरायला गाडीखाली बाटली काही तिरपी होईना. तेव्हा मावशीने कपाटातली ती भरवायची सिरिंज आणली. काकांनी ती लगेच ओळखली. ती क्षणभर घाबरली, पण काकांचे खांदे हलू लागले. ते हसत होते.

वरच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत तिने भरलं. मग वरचा बोल्ट लावला, गाडी स्टँडवरून उतरवली आणि दोघं फेरी मारून आले. आवाज कमी झाला होता, पण गिअरांचे दात आधीच झिजलेले.

"गेला नाही ना पूर्ण?" तिने विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

पुढे त्यांना आणखी थोडे शब्द आले, बहुतेक तिच्या चुका काढायचेच. दुसऱ्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

मावशी मला म्हणाली, "इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, तेही बोल्टासाठी." मग शिवण खाली ठेवून हळूच म्हणाली, "तो शब्द ऐकला आणि मी पुन्हा गाडीखाली गेले ना, तिथेच पडून रडले. त्यांना दिसायला नको. विचारलं असतं तर मी म्हणणार होते, डोळ्यात तेल गेलं."